नदीला वाळ्याचा वास

आमच्या घरात ‘फुटली’ हा शब्द बोलायची बंदी होती. बांगडी फुटत नाही, वाढते, हे मी अंकलिपी हातात यायच्या आधी शिकले. त्यामुळे शाळेत एकदा काचेचा पेला हातून पडला तेव्हा मी बाईंना जाऊन सांगितलं, “बाई, पेला वाढला,” आणि अख्खा वर्ग हसला. अम्मा गावची मणेरीण. बांगड्या विकायच्या आणि बायकांच्या हातात भरायच्याही, हा तिचा धंदा. कोल्हारच्या अलीकडे प्रवरेच्या काठी आमचं गाव, गावात आमची एकच गल्ली आणि गल्लीच्या तोंडाशी आमचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत दोऱ्यांना ओवलेल्या बांगड्यांच्या माळा टांगलेल्या असत. दाराशी अब्बांचा पेरूचा टेम्पो सुरू झाला की त्या सगळ्या एकदम किणकिणायच्या आणि मला जाग यायची. अजूनही कुठे काच किणकिणली की मला पेरूचा वास येतो. तरुण मुलांना हे सांगितलं तर ती माझ्याकडे काळजीने बघतात.

अम्माची एक पत्र्याची पेटी होती. आत जुन्या साड्यांच्या चिंध्यांची गादी आणि तिच्यावर बांगड्यांचे थर. ती पेटी डोक्यावर घेऊन अम्मा मळ्यामळ्यांतून फिरायची. ओट्यावर बसायची, बाईचा पंजा हातात घ्यायची, अंगठ्याचं हाड कुठे अडतंय ते चाचपायची, साबणाचं बोट फिरवायची आणि म्हणायची, “हात सैल सोडा, बाई.” दिवसातून पन्नासदा तरी तिच्या तोंडी हे वाक्य यायचं. भरून झालं की बाई अम्माला वाकून नमस्कार करायची, मग ती वयाने कितीही मोठी असो. पाटलांच्या म्हाताऱ्या आईसाहेब माझ्या अम्मापुढे वाकलेल्या मी पाहिल्यात. संध्याकाळी ती परतायची तेव्हा पेटीत बांगड्या कमी आणि इतर ऐवज जास्त असायचा. कधी हुरडा, कधी वांगी, शिमग्याला फडक्यात बांधलेल्या पुरणपोळ्या. त्या रात्रीच्या सुकटाच्या कालवणाबरोबर आम्ही पुरणपोळी खाल्लेली आहे, आणि बरी लागते.

उन्हाळ्यात अम्मा माठात वाळ्याची जुडी सोडायची. बाजारातून पारखून, हुंगून आणलेली. आमच्या माठाचं पाणी प्यायला बायका बांगड्यांचं निमित्त काढून यायच्या, असं अब्बा म्हणायचे. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण अम्माचं सगळं आयुष्य गिऱ्हाइकांत गेलेलं. त्यामुळे धंद्याचं बोलायचं असलं किंवा राग आला की ती सरळ मराठीत शिरायची. तिचं मराठी ऐकू आलं की आम्ही पुस्तक उघडायचो.

बी.एस्सी.ला मी पर्यावरणशास्त्र घेतलं ते काही पर्यावरणाच्या प्रेमाने नाही. केमिस्ट्रीची यादी भरली होती आणि खिडकीतला क्लार्क म्हणाला, “हा नवा विषय आहे, यात जागाच जागा आहे.” वर्गात आम्ही नऊ जण. गल्लीत कुणाला सांगावं तर पहिला प्रश्न ठरलेला: “झाडं लावायला कालेज कशाला लागतं?” अब्बांनी त्याला ‘हवापाण्याची डिग्री’ असं नाव ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगू लागले. मीही पहिलं वर्ष तोंड वाकडं करूनच काढलं. मग गुंजाळ सरांनी आम्हाला अकोले तालुक्याच्या डोंगरात नेलं. जीपमधून उतरल्यावर त्यांनी प्रत्येकाला एक दोरी दिली आणि सांगितलं, “जमिनीवर चौकोन मांडा, आत जे जे जिवंत आहे ते मोजा.” मला वाटलं, गवत तर आहे, पाच मिनिटांचं काम. भातखाचराच्या बांधावर मी पालथी पडले ती दुपार कलेपर्यंत उठले नाही. माझ्या चौकोनात एकोणीस तऱ्हेच्या वनस्पती निघाल्या आणि किडे तर मोजता मोजता पळून जात होते. कपड्यांना चिखल, कोपराला मुंग्या चावलेल्या, आणि मी मात्र येड्यासारखी हसत होते. तेव्हापासून हा विषय माझा झाला. नवऱ्यावरसुद्धा इतक्या लवकर जीव जडला नाही, हे तोही जाणतो.

एक गोष्ट मात्र मला इथे कबूल केली पाहिजे. कॉलेजात जायला लागल्यावर मी हातातल्या बांगड्या काढल्या. घरी सांगितलं, लॅबमध्ये चालत नाहीत. ते खोटं होतं, मैत्रिणी घालायच्या. आपण मणेरणीची मुलगी आहोत हे मनगटावरून कुणाला कळू नये, एवढंच माझ्या मनात होतं. अम्मा फक्त बसला निघताना माझ्या मनगटाकडे एकदा बघायची आणि डबा हातात द्यायची.

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. माझा विषय होता नदीच्या पाण्यातला प्राणवायू. दर महिन्याला तीन ठिकाणी बाटल्या भरायच्या: गावाच्या वर, घाटावर, आणि खाली जिथे गावचा नाला नदीला मिळतो तिथे. काठावरच त्या पाण्यात दोन औषधांचे थेंब टाकायचे. पाण्यात प्राणवायू असला तर तळाशी तपकिरी साका बसतो, नसला तर पांढरा. मग लॅबमध्ये नेऊन तो किती आहे ते मोजायचं. नाल्याच्या बाटलीत दर महिन्याला साका पांढरा यायचा. पाच महिने नीट गेले होते, सहावा शेवटचा होता, आणि त्या महिन्यात माझ्या डोक्यावर आणखी एक टांगती तलवार होती. थोरल्या चाच्यांनी कोपरगावचं स्थळ आणलं होतं. अब्बांनी त्यांना सांगितलं, “डिग्री हातात येईस्तोवर विषय काढू नका.” पण मला बाजूला घेऊन हेही सांगितलं, की एक वर्ष जरी वाया गेलं तरी मग थोरल्या भावापुढे त्यांची जीभ चालणार नाही. म्हणजे या वर्षी पास झाले तर पुढे एम.एस्सी., नाही तर कोपरगाव. कोपरगावाबद्दल माझं काही वाईट मत नाही, पुढे माझी नणंदच तिथे दिली. पण तेव्हा त्या गावाची पाटी बसवर दिसली तरी मी तोंड फिरवायचे.

पाचव्या महिन्यात माझ्या पिशवीतली एक बाटली एसटीच्या गचक्याने वाढली होती. म्हणून सहाव्या महिन्यात, रविवारी नमुने घेऊन आल्यावर, मी बाटल्या अम्माच्या हवाली केल्या आणि म्हटलं, उद्या सकाळी न्यायच्यात, तुझ्या बांगड्यांसारख्या बांधून दे. तिला फार आनंद झाला. तीन वर्षांत माझ्या अभ्यासातलं पहिलंच काम तिच्या वाट्याला आलं होतं. तिने धाकटी पेटी रिकामी केली, चिंध्या पुन्हा धुऊन वाळवल्या. सोमवारी मी ती पेटी मांडीवर घेऊन बसने कॉलेजला गेले. पेटीतून एकदाही काच काचेवर आपटल्याचा आवाज आला नाही.

लॅबमध्ये सगळ्यांसमोर मी चिंध्या सोडल्या. तिन्ही बाटल्या लखलखत होत्या आणि आत पाणी होतं आरशासारखं. तपकिरी साका नाही, पांढरा नाही, काहीच नाही. गुंजाळ सर जवळ आले. तोंडाने कडक माणूस, पण खोटं सोडून बाकी सगळं माफ करणारे.

“औषधं टाकली होतीस?”

“टाकली होती, सर.”

“मग साका कुठे गेला?”

सरांनी तिसऱ्या बाटलीचं बूच काढलं, नाकाशी नेलं आणि थांबले. मग ती बाटली माझ्या नाकाशी धरली. “नदीला वाळ्याचा वास कधीपासून यायला लागला?”

सगळे हसले. मला त्याच क्षणी सगळं समजलं. आमचा माठ, वाळ्याची जुडी, अम्माचे राखेने बाटल्या घासणारे हात, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण ते सांगणार कसं? ‘माझ्या आईने पाणी बदललं’ म्हटलं असतं तर वर्ग आणखी हसला असता, आणि या वेळी तिला. मी खाली मान घालून उभी राहिले, आणि गप्प राहिल्याने मीच चोर ठरले. सर हळू आवाजात म्हणाले, “घरी बसून बाटल्या भरल्यास. मग मागचे पाच महिनेही मी खरे का मानायचे?” शेवटी त्यांनी सांगितलं, उद्याचा दिवस देतो, नमुने पुन्हा आण, आणि तुला काठावर भरताना पाहिलेलं गावातलं एक माणूस बरोबर आण. नाही तर प्रकल्प रद्द. बुधवारपासून भंडारदऱ्याचं आवर्तन सुटणार होतं. धरणाचं नवं पाणी आलं की नदीच बदलणार, म्हणजे खरोखर तो एकच दिवस होता.

घरी पोचले तेव्हा अम्मा पुढच्या खोलीत बांगड्या दोरीत ओवत होती. मी पेटी तिच्यापुढे आदळली. “पाणी कुणी बदललं?”

“म्या बदललं,” ती साधेपणाने म्हणाली. “उघडून बघितलं तर समदं नासलेलं. दोन बाटल्यांत गाळ, तिसरीला तर वास मारत हुता. म्हनलं, चार शिकलेली मानसं बघनार, आपल्या गावचं आसलं पानी न्यायचं व्हय? गिऱ्हाइकापुढं खराब माल ठेवत न्हाईत, बेटा.”

“तुला काय कळतं यातलं? बांगड्या भरण्याइतकं सोपं आहे का ते?”

हे मी दखनीत बोलले नाही. कॉलेजच्या स्वच्छ मराठीत बोलले. दखनीत बोलले असते तर ते आई-मुलीचं भांडण झालं असतं. अम्माचा हात दोरीवरच थांबला. तिने ओवलेली माळ खुंटीला टांगली आणि चुलीकडे गेली. जेवताना तिने मला भाकरीवर भाकरी वाढली आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. बांगड्यासुद्धा त्या संध्याकाळी किणकिणल्या नाहीत, असं मला आठवतं. टेम्पो दाराशी उभा असताना त्या कशा किणकिणणार होत्या म्हणा. पण मनाला काय वाटतं त्याचा हिशेब वेगळाच असतो. आज माझी मुलगी मला “मम्मी, तुला नाही कळणार” म्हणते, मोबाइलवरून मान वर न करता, तेव्हा मला ती चूल आठवते आणि मी गप्प बसते. ही माझी जुनी शिक्षा आहे, सावकाश भोगतेय.

सकाळी उजाडता उजाडता मी बाटल्या घेऊन निघाले तर अम्मा साडी खोचून, डोक्यावर पदर घेऊन दारात उभी. “कुनीतरी बघितलेलं मानूस पायजे ना तुज्या सरांना?” ती म्हणाली. “म्या बघते.” तिला ते कसं कळलं? अब्बांना मी सांगितलं होतं, त्यांनी तिला सांगितलं असणार. आम्ही गावाच्या वरच्या अंगाला गेलो, मग घाटावर. मी पाण्यात उतरून बाटली तिरकी धरून, बुडबुडा न येऊ देता भरायची, थेंब टाकायची आणि अम्मा काठावर उकिडवी बसून बघायची. साका तपकिरी झाला की तिच्या भुवया वर जायच्या.

तिसऱ्या जागी, नाल्याच्या तोंडाशी, तिने पदर नाकाला लावला. मी बाटली भरली, थेंब टाकले, आणि साका पांढराफटक बसला. “यात हवा नाही,” मी म्हटलं. “मासा टाकला तर मरेल.” अम्मा नाल्याच्या कडेच्या चिखलाकडे बघत होती. मग वाकली आणि चिखलातून काहीतरी उचलून पदराला पुसलं. हिरव्या काचेचा बोटभर तुकडा, त्यावर सोनेरी ठिपके. तिने आणखी एक उचलला, जांभळा. मग लाल. भांडी घासताना, धुणं आपटताना वाढलेल्या बांगड्या मोऱ्यांतून वाहत येऊन तिथे साठल्या होत्या.

“ही मीच भरलेली,” अम्मा म्हणाली. “नागपंचमीला. ठिपक्यांची आपल्या गल्लीत तिघींनीच घेतली हुती.” तिने तुकडे हातावर घेऊन पुन्हा पाहिले. “म्हंजी हे पानी आपलंच हाय की गं.”

“व्हय,” मी म्हटलं. तिच्याशी तिच्या मराठीत बोलायची ती माझी पहिलीच वेळ होती.

तिथून आम्ही तशाच बसथांब्यावर गेलो. लॅबच्या दारात अम्मा चपला काढायला लागली, मी नको म्हटलं तरी तिने काढल्याच. गुंजाळ सर उभे राहिले. अम्माने पेटी टेबलावर ठेवली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “सायेब, पोरीनं खोटं न्हाई केलं. ती नदीवर गेल्ती. माल मी बदलला. आमच्या धंद्यात खराब नग दाखवत न्हाईत, म्हनून.”

वर्गातली मुलं आज हसली नाहीत. सरांनी अम्माला खुर्ची दिली. त्यांनी तिच्या पेटीकडे बघत विचारलं, “बाई, एखादीची बांगडी दोन दिवसांत वाढली आणि ती तक्रार घेऊन आली, तर तुम्ही काय करता?”

“तुकडा बघते,” अम्मा म्हणाली. “काच कच्ची हुती का हात आपटला, ते तुकड्यावर कळतं. तुकडाच न्हाई आनला तर काय कळनार?”

“मग तुमची मुलगी तेच करतेय. तिला खराब तुकडाच हवा आहे.”

अम्माने मान हलवली. पदराच्या गाठीतून तिने ते तीन तुकडे काढले आणि तिसऱ्या बाटलीशेजारी टेबलावर ठेवले. सरांनी ते उचलू दिले नाहीत. वर्ष संपेपर्यंत ते तिथेच होते.

मग मोजायचं काम सुरू झालं. बाटलीत आम्ल टाकलं की साका विरघळून पाणी पिवळसर होतं, त्यात पिष्ट टाकलं की गडद निळं. वरच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडत जायचं आणि निळा रंग ज्या थेंबाला जातो तिथेच थांबायचं. एक थेंब पुढे गेला तरी आकडा चुकतो. पाच महिने मी हे केलेलं, पण त्या दिवशी माझी बोटं ताठली होती. पहिल्या बाटलीतल्या पाण्याचे तीन भाग करायचे होते; पहिल्या भागाला रंग गेल्यावरही दोन थेंब पडले. दुसऱ्यालाही तेच. बाटलीत शेवटच्या एका वेळेपुरतं पाणी उरलं. सर गंभीर झाले होते. मी तोटीवर बोटं ठेवली, एवढ्यात माझ्या मागे अम्मा कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

“हात सैल सोड,” ती म्हणाली.

मी सोडला. थेंब पडत गेले. निळा फिका झाला, आणखी फिका. मला तो अजून निळाच दिसत होता.

“बास.”

मी तोटी बंद केली. सरांनी फ्लास्क पांढऱ्या कागदावर धरून न्याहाळला. जिला हिरव्याच्या बावीस छटा नावानिशी माहीत होत्या, तिच्यापुढे आमचे डोळे काय टिकणार? आकडा मागच्या पाच महिन्यांच्या रांगेत चपखल बसला. सर मला म्हणाले, “दुसऱ्या बाटलीला तोटी तू धर, बघायचं काम आईंना दे.” पुढे अहवालात काय घडलं ते जसंच्या तसं लिही, अशी त्यांची अट होती. मी लिहिलं, ‘नमुने घरी बदलले गेल्याने पुन्हा घेतले.’ घरी ते वाचून दाखवलं तेव्हा अम्माने मला थांबवलं आणि माझं नाव टाक म्हणाली, माल बदलला तर दुकानदाराचं नाव लागतं. म्हणून त्या अहवालात, तक्त्याखाली, हलीमा मणेर हे नाव आहे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, तेव्हा मी सगळी गोष्ट सांगितली, आणि माझी तोंडी परीक्षा त्यातच संपली.

नंतर अम्माने गल्लीत सगळ्यांत आधी आमची मोरी फोडली आणि तिचं पाणी परसात शोषखड्डा खणून त्यात सोडलं. मग ती बांगड्या भरता भरता बायकांना नाल्याचं सांगायची. पंजा अर्धा बांगडीत अडकलेली बाई उठून जाणार कुठे? सगळ्यांनी ऐकलं असं नाही. नाला आजही आहे, गावही मोठं झालंय. मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी तिथे नेते, आणि तिसऱ्या बाटलीत साका कधी पांढरा बसतो, कधी चहाच्या पाण्याएवढा रंग येतो. तो आला की अम्माला सांगावंसं वाटतं. ती जाऊन आता सहा पावसाळे झाले.

पण मला लिहायचं होतं ते त्या मंगळवारच्या परतीच्या बसचं. दुपारचं ऊन, खिडकीला आम्ही दोघी, अम्माच्या मांडीवर रिकामी पेटी. मी बराच वेळ शब्द जुळवत होते. शेवटी दखनीत सुरुवात केली, की अम्मा, काल मी जे बोलले ते... तिने मला पुढे बोलू दिलं नाही. पेटी उघडली, चिंध्यांच्या तळाशी हात घातला आणि चार हिरव्या बांगड्या काढल्या, साध्या, बिनठिपक्यांच्या. त्या तिने सकाळीच आत ठेवल्या असणार. माझं मोकळं मनगट तिने हातात घेतलं, अंगठ्याचं हाड चाचपलं. बस गचके खात होती, साबण नव्हता, पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघत होत्या, आणि मी त्यांना बघू दिलं. एकही बांगडी न वाढता चारही आत गेल्या. हात सैल सोड, असं तिला सांगावं लागलं नाही.